कुठला डॉलर, ते विचार

अंजू,

कोर्टाच्या बाररूममध्ये तुझी शोकसभा झाली आणि एका ज्येष्ठ वकिलांनी तुला 'मितभाषी' म्हटलं. मी पहिल्याच रांगेत होते. हसू फुटेल म्हणून ओढणी तोंडावर धरली. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि मग मला खरंच रडू आलं. तू आणि मितभाषी? तू एखादं कलम समजावून सांगायला लागलीस की चहाचे ग्लास न्यायला आलेला माणूस दारातच उभा राहायचा आणि दुसऱ्या ऑफिसांचा चहा गार व्हायचा.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. कोर्टात तुला बोलताना कुणी ऐकलंच नव्हतं. आपण दोघी करार लिहिणाऱ्या बायका. कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर ऑफिस, पण कोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर तुला तो स्वतःचा पराभव वाटायचा. "भांडण आधीच करून घ्यायचं गं, चहा पीत. म्हणजे नंतर वकील लावून करावं लागत नाही," असं तू प्रत्येक अशिलाला सांगायचीस. अशील बिचारा बघत राहायचा, कारण तो तर वकील लावायलाच आलेला असायचा.

भांडण आधी करून घ्यायची तुझी रीत मी दुसऱ्या कुणाच्या ऑफिसात पाहिली नाही. मसुदा माझा असायचा. तो हातात घेऊन तू तुझी खुर्ची सोडायचीस, अशिलाच्या खुर्चीत बसायचीस, चष्मा डोक्यावर ढकलायचीस आणि म्हणायचीस, "हं. समजा, मी लबाड आहे." मग प्रत्येक ओळीत पळवाट शोधत तू तो मसुदा वाचायचीस. तुझा आवाज बदलायचा, ओठ एका बाजूला जायचे. तुझ्याइतकी सरळ बाई मी आयुष्यात पाहिली नाही. मी वर्तकनगरला घरात केस विंचरताना फोनवर "निघाले, निघाले" म्हणायची. तू डोंबिवलीहून सांगायचीस, "अजून चप्पल घातली नाहीये, उशीर होईल." आणि लबाडाच्या खुर्चीत बसलीस की तुला जे सुचायचं, ते भल्याभल्या ठगांना सुचलं नसतं.

पहिल्यांदा तू हे केलंस ते मला अजून आठवतं. एमआयडीसीतल्या एका रंग बनवणाऱ्याचा करार होता, परदेशी माल पाठवायचा. मी किंमत लिहिली होती, पुढे नुसतं 'डॉलर'. तू ओठ वाकडे करून म्हणालीस, "अहो वकीलसाहेब, मी डॉलर देणार म्हटलं आणि देतोय ना. हाँगकाँगचे देतोय. अमेरिकेचेच द्यायचे असं कुठं लिहिलंय?" मी हसले. म्हटलं, असं कोण करतं? तू चष्मा खाली घेतलास आणि तुझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालीस, "करत नाही कुणी. पण दोघं दोन वेगळे डॉलर मनात धरून सही करतात. आणि दोघंही खरे असतात. लबाडाला एकवेळ पकडता येतं, दोन खऱ्या माणसांचं काय करशील?"

तेव्हापासून आपल्या प्रत्येक करारात पहिल्या पानावर चलनाची व्याख्या आली. कुठल्या देशाचं चलन, दर कुठल्या बँकेचा, कुठल्या दिवसाचा, त्या दिवशी सुट्टी असली तर काय, बँक मध्ये जे कापून घेते ते कुणाच्या खिशातून. इतकंच काय, नुसतं 'रुपये' लिहिलं तरी तू 'भारतीय' जोडायला लावायचीस, कारण रुपया नेपाळचाही असतो आणि श्रीलंकेचाही. टिटवाळ्याच्या माणसाने कल्याणच्या माणसाला दुकान भाड्याने दिलं तरी. मी कपाळाला हात लावायची. "अगं, कल्याणात नेपाळचा रुपया कोण देणारे?" तू म्हणायचीस, "दोन शब्द जास्त लिहिलेस तर बोटं झिजतील का तुझी?" माझी बोटं झिजली नाहीत. एकही करार कोर्टात गेला नाही. पण तू असताना हे मी कधी कबूल केलं नाही, कारण मग तू दिवसभर मिरवलं असतंस.

आपलं शेवटचं भांडण मिटलं नाही, म्हणून हे लिहायला बसलेय. ते नंदाताईंवरून होतं.

नंदाताई टिटवाळ्याच्या. शिवलेली नऊवारी करतात, सलवारीसारखी पायात घातली की झालं, अशी. हाताखाली आठ-दहा बायका. त्यांचा भाचा रोहन मेलबर्नला असतो. तिकडच्या मराठी लग्नांसाठी कपड्यांचं दुकान काढलंय त्याने. मावशीकडून दोन वर्षं साड्या घेणार, एका साडीचे अमुक डॉलर, एवढं दोघांनी फोनवर ठरवलं. त्या भरवशावर नंदाताईंनी शेजारचा गाळा घ्यायचं मनात धरलं. कर्जासाठी बँकेने लेखी करार मागितला, म्हणून त्या आपल्याकडे आल्या. नाहीतर त्या कशाला आल्या असत्या?

तू लबाडाच्या खुर्चीत बसलीस. "मी रोहन आहे," म्हणालीस, "आणि मी लबाड आहे." नंदाताईंचा चेहरा एकदम पडला. "माझा रोहन लबाड नाही हो मॅडम."

"नाहीच आहे," तू म्हणालीस. "म्हणून तर विचारायचं. लबाड असता तर विचारून काय उपयोग होता? तो तुम्हाला कुठले डॉलर देणार आहे, ताई?"

नंदाताईंनी आपला हिशोब सांगितला. टीव्हीवर बातम्यांत सांगतात तो डॉलर. म्हणजे अमेरिकेचा. तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे. ऑस्ट्रेलियाचा डॉलर त्याहून बराच स्वस्त, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या हिशोबात गाळा बसत होता. तिकडचा डॉलर धरला तर साडीचं कापड आणि बायकांचे पैसे जाऊन हातात जेमतेम काही उरत होतं.

"त्याला फोन करून विचारा," तू म्हणालीस.

"कसं विचारू? माझ्या बहिणीचं पोर आहे ते. ती गेली तेव्हा सातवीत होता, माझ्याकडे वाढलाय. आता विचारलं तर म्हणेल, मावशी पैशाचं बघायला लागली."

त्या गेल्यावर आपण भांडलो. माझं म्हणणं, डॉलरचं नावच काढायचं नाही. किंमत रुपयांत लिहू, बँकेला असाच फॉर्म लागतो म्हणून त्याला पाठवू. तो सही करेल, मावशीचं नुकसान वाचेल, कुणाला कुणाकडे तोंड वर करून विचारायला नको. तू माझ्याकडे बघत राहिलीस. "म्हणजे आपण गुपचूप ठरवायचं आणि त्याने न वाचता सही करायची. मग लबाड कोण, वृंदा?"

मला ते लागलं. मी म्हटलं, "सगळंच तोंडावर विचारायचं नसतं. माणसं असतात ती."

"माणसं आहेत म्हणूनच विचारायचं," तू म्हणालीस आणि पर्स उचललीस. तुझी रीत तशी नव्हती. भांडण अर्धं टाकून तू कधी घरी जायची नाहीस. मला वाटलं, रागावली. नंतर कळलं की तुला उभं राहवत नव्हतं.

त्यानंतर तू ऑफिसला आलीच नाहीस. फोनवर म्हणालीस, "थोडं बरं नाहीये. थोडी ट्रीटमेंट चालू आहे." मी म्हटलं, "काळजी घे." अंजू, मी तुझ्यावर या एका गोष्टीवरून रागावलेय आणि हा राग कुठे न्यायचा ते मला कळत नाही. चलनाची व्याख्या करायला तुला आठ ओळी लागायच्या. स्वतःच्या आजाराला एक शब्द पुरला. 'थोडं' म्हणजे किती, कुठल्या दिवसापासून, आणि मध्ये काय काय कापलं जातंय, हे माझ्या मसुद्यात नसतं तर तू मला ते पान पुन्हा लिहायला लावलं असतंस.

आणि तसं पाहिलं तर तुझ्या-माझ्यात कसलाच कागद नव्हता. एवढी वर्षं एकत्र ऑफिस, भाडं अर्धं-अर्धं, फी ज्याची जशी जमेल तशी. मी एकदा चेष्टेत म्हटलं होतं, "आपलाही करार लिहू या का गं? तू लबाडाच्या खुर्चीत बस." तू खरंच दुखावल्यासारखी झालीस. "आपल्यात काय लिहायचं?" म्हणालीस. तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. आता वाटतं, त्या बाबतीत तू नंदाताईंच्याच माळेतला मणी होतीस. जगाला शहाणपण सांगायचं आणि आपल्या माणसाची वेळ आली की तोंडाला कुलूप.

तुला भेटायला डोंबिवलीला आले तेव्हा तू बाल्कनीच्या दाराशी पलंगावर होतीस. इतकी बारीक झाली होतीस की मी दारातच थबकले. तू माझं तोंड बघितलंस आणि लगेच विचारलंस, "नंदाताईंनी रोहनला विचारलं?" मी नाही म्हटलं. मग आपण अर्धा तास भांडलो, दर कुठल्या दिवसाचा धरायचा यावरून. मी म्हणत होते, माल निघेल त्या दिवसाचा, म्हणजे रोहनला आकडा आधी कळेल. तू म्हणत होतीस, पैसे जमा होतील त्या दिवसाचा, "कारण मधल्या दिवसांत दर पडला तर तो दुकानदार आहे, सोसेल. नंदाताईंनी कुठून सोसायचं?" बोलता बोलता तुझा आवाज खोल गेला. मी पाण्याचा ग्लास तुझ्या तोंडाशी धरला. "दमलीस का?" "थोडी." पुन्हा तोच शब्द. आणि मी तो पुन्हा घेतला. तुला जास्त विचारलेलं आवडणार नाही असं मला वाटलं. कदाचित तुलाही वाटलं असेल की हिला सांगितलेलं झेपणार नाही. आपण दोघी एकमेकींना सांभाळत बसलो.

तुझा नवरा श्रीकांत मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. तोंड उघडलं त्याने, काहीतरी सांगणार होता. मग म्हणाला, "रिक्षा मिळेल ना?" मी म्हटलं, मिळेल. तुझ्या तेराव्याला तो मला म्हणाला, "तिने मला बाहेर कुणाला सांगू दिलं नाही. तुला तर नाहीच. म्हणायची, वृंदा मग भांडणार नाही माझ्याशी." अंजू, हे ऐकल्यापासून माझ्या रागातला जोरच गेलाय. तुला कीव नको होती. तुला दर कुठल्या दिवसाचा यावर भांडणारी मैत्रीण हवी होती आणि ती तुला शेवटपर्यंत मिळाली, एवढं तरी झालं म्हणायचं. पण मला काय हवं होतं, हे तू विचारलं नाहीस.

परवा शनिवारी दुपारी नंदाताई आल्या. बँकेचा तगादा होता, गाळ्याचा मालक थांबायला तयार नव्हता. आल्या आल्या त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "अंजूमॅडम नाहीत?"

"आज नाहीयेत," मी म्हटलं.

असंच सांगतेय सगळ्यांना. आज नाहीयेत. कुरियरवाल्याला, झेरॉक्सवाल्याला. खोटं नाही, पण तू हे वाक्य पास केलं नसतंस.

मी तो रुपयांचा मसुदा काढून ठेवला होता, बँकेच्या फॉर्मचं निमित्त करून पाठवायचा तो. नंदाताईंनी सही केली असती आणि रोहननेही. पेन त्यांच्या हातात देणार तेवढ्यात तुझं 'मग लबाड कोण' आठवलं आणि माझा हात काही पुढे जाईना. मी उठले. अशिलाच्या खुर्चीत बसले, नंदाताईंना माझ्या खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "समजा, मी रोहन आहे. आणि मी लबाड आहे." मला तुझ्यासारखं जमत नाही. ओठ वाकडे करायला गेले तर ते थरथरायला लागले. नंदाताईंनी पाण्याची बाटली पुढे केली. वाचन काही पुढे गेलं नाही.

मग मी त्यांना सरळच सांगितलं. "ताई, हा कागद असाच पाठवला तर तो सही करेल. पण त्याने कुठला डॉलर धरलाय ते त्यालाच विचारा. मला वाटायचं विचारू नये. आता तसं वाटत नाही."

त्यांनी पिशवीतून फोन काढला. मग लावला, स्पीकरवर. रोहन दुकानातच होता.

"बाळा, एक विचारू का? तू रागावू नको हां. ते डॉलर तुझ्याकडचे की अमेरिकेचे?"

"इकडचेच ना मावशी. ऑफकोर्स." मग त्याच्या लक्षात आलं. "तू अमेरिकेचे धरलेलेस?"

"टीव्हीवर सांगतात तेच धरले रे."

"मावशी..." त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "आधी विचारायचं ना गं. मला पण अमेरिकेच्या भावात परवडणार नाही. मी इकडे सगळ्यांना रेट सांगून बसलोय."

"विचारवलं नाही रे. तुझी आई असती तर विचारलं असतं. तिच्याशी मी पैशावरून कचाकचा भांडायची."

"मग माझ्याशी पण भांड," तो म्हणाला. "मी काय परका आहे?"

आणि भांडले की गं ते दोघं. चांगले भांडले. जरीचा काठ साधा घेतला तर किती वाचतील, महिन्याला किती साड्या, अस्तर कुणी द्यायचं. मी मध्ये फक्त लिहून घेत होते. शेवटी किंमत भारतीय रुपयांत ठरली. पैसे ऑस्ट्रेलियाच्या डॉलरांत येणार, दुसऱ्या कुठल्याही देशाच्या नाहीत. दर नंदाताईंच्या बँकेचा, पैसे जमा होतील त्या दिवसाचा. कापून जाईल ते रोहनचं. रुपयांचं माझं धरलं गेलं, दिवसाचं तुझं. सुट्टीचा दिवस आला तर काय, तेही घातलं. गाळा मात्र सुटला. या भावात कर्जाचा हप्ता बसत नाही, हे नंदाताईंनी फोन ठेवायच्या आधीच मनात मांडून पाहिलं होतं. डोळे पुसून म्हणाल्या, "गाळ्याचं जाऊ दे मॅडम. सही करून बसले असते आणि मग कळलं असतं, तर भाचा गेला असता."

पिशवी आवरता आवरता त्यांनी पुन्हा विचारलं, "अंजूमॅडमना सांगा हं, विचारलं म्हणावं. सोमवारी येतील ना?"

मी तोंड उघडलं, पुन्हा तेच वाक्य बोलायला. नाही बोलता आलं. म्हटलं, "ताई, अंजू वारली. मागच्या महिन्यात."

नंदाताई खाली बसल्या. आणि अंजू, त्यांनी मला विचारलं. बाकी सगळे "फार वाईट झालं" म्हणून विषय बदलतात, मलाही ते बरं वाटत होतं. त्यांनी एकेक करून विचारलं. कसला आजार? मी म्हटलं, कॅन्सर, स्वादुपिंडाचा. कधी कळलं? मी सांगितलं. मुलंबाळं? मी सांगितलं. तुम्ही जवळ होतात का? मी म्हटलं, नव्हते, मला उशिरा कळलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि शेवटचं विचारलं, "फार हाल झाले का हो त्यांचे?"

मला उत्तर माहीत नव्हतं. पलंगाच्या कडेला बसून मी तुझ्याशी दराच्या दिवसावरून अर्धा तास वाद घातला आणि हे एक विचारलं नाही.

तर आता विचारते. उत्तर कुठून येणार नाही, ठाऊक आहे, तरी विचारते, आणि तू नेमकं सांगायचंस, 'थोडं' चालणार नाही. तुला खूप दुखत होतं का गं, अंजू?